बालविभागाच्या माईकवर अक्का

इथले अनुभव मी नेमाने वाचतो आणि नेमाने हसतो. कुणाला घाटात पांढऱ्या साडीतली बाई लिफ्ट मागते, कुणाच्या मागे पिंपळावरून काहीतरी उतरतं, कुणाचे काका अमावास्येलाच नेमके शेतात जातात... आणि खाली तीस-चाळीस जण ‘बापरे, अंगावर काटा आला’ म्हणून लिहितात. माझ्या अंगावर कधी काटा आला नाही. आलीच तर जांभई. तेव्हा आज मी स्वतः इथे लिहायला बसलोय, याचा मलाच सर्वांत जास्त राग आहे.

माझा मंडप आणि साउंड सिस्टीमचा धंदा आहे. धरणगाव. वडिलांपासूनचा. लग्नं, गणपती, प्रचारसभा, दशक्रिया, सत्कार – सगळीकडे मी खुर्च्यांच्या आधी पोचतो आणि खुर्च्यांच्या नंतर निघतो. या धंद्यात माणसावरची श्रद्धाच टिकत नाही, तर भुतावरची कुठून टिकणार? स्टेजवर जो माणूस ‘शेतकरी माझा देव’ म्हणून रडतो, तो खाली उतरल्यावर ड्रायव्हरला काय शिव्या देतो ते कॉलर माईक चालू राहिल्यामुळे मी हेडफोनवर ऐकलेलं असतं.

तर विषय आमच्या भागातल्या एका सार्वजनिक वाचनालयाचा. नाव देत नाही, कारण नाव दिलं की अध्यक्षसाहेब त्याचंही बॅनर करतील. गुढीपाडव्याच्या पुढच्या आठवड्यात तिथे ‘वसंत वाचनोत्सव’ होता. वसंत! खान्देशात चैत्र म्हणजे कूलरचं गवत बदलायचे आणि दुपारी कुत्रीसुद्धा गटारीत बसायचे दिवस. कोकिळा ओरडते ती पाणी मागायला ओरडत असेल. पण पुण्या-मुंबईकडच्या निमंत्रणपत्रिकेवर ‘वसंत’ होता, म्हणून आमच्याकडेही वसंत.

कार्यक्रम काय काय होते तेही ऐका. पुस्तक प्रदर्शन – त्यात अर्धी पुस्तकं स्पर्धा परीक्षांची, उरलेली ‘यशस्वी कसे व्हावे’ छापाची. ती विकणारा माणूस टेबलामागे घोरत होता. मुलांसाठी सुट्टीतली सभासद नोंदणी. ज्येष्ठांसाठी ‘घरपोच पुस्तक’ नावाची नवी सेवा, म्हणजे एक स्कूटर. तिला हार घातला, नारळ फोडला, फोटो काढले आणि परत ढकलत नेली, कारण ती चालू होत नव्हती. आणि फाटकावर बॅनर. त्यावर अध्यक्षांचा चेहरा बैलगाडीच्या चाकाएवढा आणि कोपऱ्यात एक उघडं पुस्तक, काडेपेटीएवढं.

या सगळ्यात एकच बाई मनापासून काम करत होत्या – ग्रंथपाल मॅडम. त्यांच्याच आग्रहामुळे दुपारी बालविभागात मुलांसाठी गोष्टींचा तास ठेवला होता. नाशिकहून एक कथाकथनकार आणले होते. आले सकाळीच. पण अध्यक्षांनी त्यांना मळ्यात खापरावरची पुरणपोळी आणि आमरस खायला नेलं. जेवून पाहुणे तिथेच कूलरसमोर आडवे झाले आणि अध्यक्ष एकटेच परत आले, हे मला नंतर कळलं. इकडे तीसेक पोरं सतरंजीवर बसून त्यांची वाट बघत होती.

आता जागा नीट समजून घ्या, नाहीतर नंतर प्रश्न विचाराल. वाचनालयाच्या पुढे अंगण, तिथे माझा मंडप आणि स्टेज. अंगणाला लागून ओटा, ओट्यावर माझं टेबल आणि मिक्सर. माझ्या पाठीमागून एक बोळ आत जातो आणि बोळाच्या टोकाला बालविभाग. त्या खोलीला दार एकच, ते बोळात उघडतं. खिडक्यांना गज. आत एक खुर्ची मी स्वतः ठेवली होती, त्या पाहुण्यांसाठी, आणि खुर्चीवर एक कॉर्डलेस माईक, चालू करून. पाहुणे आले की त्यांनी उचलून सुरू करायचं. बाहेर स्टेजवर भाषणं चालू होती म्हणून बालविभागाचा आवाज मी मोठ्या स्पीकरला सोडला नव्हता. पण मिक्सरवर कुठलाही माईक बाहेर न सोडता फक्त हेडफोनवर ऐकता येतो. मी अधूनमधून ऐकायचो – पाहुणे उगवले का, एवढंच बघायला. हेडफोनवर पोरांचा कालवा यायचा. कुणी कुणाला चिमटा काढला, कुणाला शू लागली.

स्टेजवर एक माजी कुणीतरी ‘वाचाल तर वाचाल’वर पोचले होते. हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय! त्या बोलणाऱ्यांनी आयुष्यात एक तरी पुस्तक वाचलं असतं तर दुसरं वाक्य सुचलं असतं. कंटाळून मी पुन्हा बालविभागाचं बटण दाबलं.

कालवा बंद होता. एकदम शांत. आणि एक बाई बोलत होती.

“एक व्हती बकरी. तिनं नाव पोपटबाई. समजनं का?”

मी हेडफोन कानावर घट्ट दाबला.

हा आवाज माझ्या अक्काचा होता. सुमनअक्का – माझी थोरली बहीण. मी तान्हा असल्यापासून आई शेतात जायची आणि मी अक्काच्या कडेवर. तिला किंचित घोगरा आवाज, आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी ‘समजनं का?’ विचारायची खोड. मास्तरीण झाली असती तर पोरांनी पळ काढला असता. आणि ही गोष्ट पण तिचीच. कुठल्या पुस्तकातली नाही, तिने माझ्यासाठी रचलेली. पोपटबाई नावाची बकरी तापी ओलांडायला तयार नसते. का? तर पाण्यात तिची सावली भिजेल.

“बठ्ठा कळप गया पलीकडे. पोपटबाई काठवरच. म्हने, मनी सावली वली व्हई जाई ना वं माय! समजनं का?”

आत पोरं हसली. ते हसणंही मी ऐकलं.

अडचण अशी होती, की माझ्या अक्काला दीड वर्षापूर्वी अर्धांगवायूचा झटका आला होता. उजवी बाजू गेली, वाचा गेली. एक अक्षर निघत नव्हतं. ती शिंदखेड्याला तिच्या मुलाकडे पलंगावर पडून होती. शिंदखेडा इथून दुसऱ्या जिल्ह्यात, मधे अख्खं अमळनेर.

मला भीती वाटली नाही. खोटं कशाला सांगू? मला राग आला. वाटलं, कुणीतरी रेकॉर्डिंग लावलंय, माझी मस्करी करतंय. पण अक्काचं रेकॉर्डिंग कुणाकडे असणार? तिचा आवाज जाईपर्यंत तिच्याकडे साधा बटणांचा फोन होता. तो ती उलटा धरून बोलायची. मी हेडफोन टेबलावर टाकला, कुणी मधे काही जोडलंय का म्हणून आधी मिक्सरच्या सगळ्या वायरी तपासल्या, मग स्टेजचा आवाज तसाच सोडला आणि बोळातून आत गेलो.

दारातून बघतो तर पोरं गोल करून बसलेली. सगळ्यांची तोंडं खुर्चीकडे. खुर्ची रिकामी. माईक मी ठेवला तिथेच, लाल दिवा चालू.

“कोण बोलत होतं इथं?” मी जरा मोठ्यानेच विचारलं.

“आजी,” दोन-तीन पोरं म्हणाली.

“कोण आजी? कुठे गेल्या?”

“आत्ताच गेल्या. गोष्ट संपली ना.”

बोळातून कुणी बाहेर आलं नव्हतं. निदान मला तरी दिसलं नाही. शपथेवर सांगणार नाही, कारण बोळ माझ्या पाठीमागे होता. पण ओट्यावरून खाली उतरायला माझ्या टेबलाला वळसा घालावाच लागतो आणि तिथे वायरींचा एवढा गुंता होता की मांजरही अडखळलं असतं.

मी पोरांना विचारलं, आजी कशा दिसत होत्या? पोरांच्या साक्षीचं काय सांगायचं! एक म्हणे हिरवं लुगडं, दुसरा म्हणे चॉकलेटी. एक म्हणे चष्मा होता, दुसरी म्हणे नव्हता. एकाला त्या दिसल्याच नव्हत्या, तो म्हणे “मी मागे बसलो होतो, मला फक्त ऐकू आलं.” अशा साक्षीवर कोर्ट कोंबडीचोर पण सोडून देईल.

पण पुढे बसलेली एक मुलगी होती. चष्मा, दोन वेण्या, इंग्लिश मीडियमचा गणवेश. आर्वी नाव. ती म्हणाली, “काका, ‘आठेच’ म्हणजे काय?”

“कुणी सांगितलं तुला हा शब्द?”

“आजींनी. बकरी शेवटी म्हणते ना सावलीला – ‘तू बस आठेच, मी जाई येस.’ तर आठेच म्हणजे?”

“आठेच म्हणजे इथेच,” मी म्हणालो. आणि मग मला खाली बसावंच लागलं, पोरांच्या सतरंजीवर. कारण या गोष्टीला शेवट आहे हेच मला माहीत नव्हतं. लहानपणी बकरी काठावर पोचेपर्यंत मला झोप लागायची. सकाळी विचारलं की अक्का म्हणायची, दिवसा गोष्ट सांगितली तर मामा वाट चुकतो, रात्री सांगेन. आणि रात्री पुन्हा तेच. पुढे तिचं लग्न झालं, मी मोठा झालो. बकरीचं काय झालं, हे कोण विचारत बसतो?

“मग काय झालं शेवटी?” मी आर्वीला विचारलं.

ती अगदी परीक्षेला बसल्यासारखी सांगू लागली. “बकरी सगळ्यांना विचारते. कासव म्हणतं माझ्या पाठीवर बस, पण तरी सावली पाण्यात पडणारच. मग एक ढग येतो. ऊन जातं. तेव्हा बकरी सावलीला काठावर बसवते आणि म्हणते, तू बस इथेच, मी जाऊन येते. आणि पलीकडे जाऊन पाला खाऊन येते. परत येते तर सावली तिथेच बसलेली असते. भिजलेली नसते.”

मी बाहेर आलो. स्टेजवर माईक शिट्टी मारत होता, अध्यक्ष माझ्या नावाने हाका मारत होते. त्यांना म्हटलं, “थांबा हो जरा,” आणि शिंदखेड्याला फोन लावला.

फोन सुनेने उचलला, वैशालीने. पोरगी चांगली आहे. अक्काचं सगळं तीच करते.

“अक्का कशी शे?” मी विचारलं.

“बऱ्या आहेत मामा. का हो, आज अचानक?”

“आत्ता काय करतेय?”

“आत्ताच डोळा लागला त्यांचा. मघापासून जाग्याच होत्या. आज काय झालं कुणास ठाऊक मामा, पाणी पाणी करत होत्या, म्हणजे हाताने तांब्याकडे दाखवत होत्या. एरवी चमच्याने पाजावं लागतं. आज अख्खा तांब्या प्यायल्या. घसा कोरडा पडल्यासारखं करत होत्या.”

मी ‘बरं’ म्हणालो आणि फोन ठेवला. तिला काय सांगणार?

इथे तुम्ही विचाराल – रेकॉर्डिंग आहे का? नाही. पेनड्राइव्ह मिक्सरला लावलेला होता, पण रेकॉर्डिंग फक्त स्टेजच्या माईकचं करायचं अशी अध्यक्षांची सक्त सूचना होती. त्यामुळे त्या माजींचं ‘वाचाल तर वाचाल’ जगाच्या अंतापर्यंत सुरक्षित आहे. पाहिजे असल्यास पाठवतो. आणि मोबाइलने शूट केलं का, असंही विचारू नका. मुलं मोबाइल बाहेर ठेवून आत बसतील, हा ग्रंथपाल मॅडमचा नियम होता.

मॅडमना मी विचारलं. त्यांनी कुणा बाईला पाठवलं नव्हतं. त्या स्वतः पाहुण्यांना फोन लावण्यात गुंतल्या होत्या. त्या म्हणाल्या, “दिलीपभाऊ, आली असेल कुणाची तरी आजी, पोरं कंटाळलेली बघून बसली असेल.” समजूतदार बाई. मीही त्यांच्या जागी हेच म्हणालो असतो. संध्याकाळी मुलांना न्यायला आलेल्या प्रत्येक पालकाला मी विचारलं. कुणाची आजी आली नव्हती.

दुसऱ्या दिवशी मंडप तसाच सोडून मी शिंदखेड्याला गेलो. यातली खरी गोष्ट पुढेच आहे.

महेंद्र, अक्काचा मुलगा, त्याचं खतांचं दुकान आहे. त्याने मला ओसरीत बसवलं, पाणी दिलं आणि लगेच विषय काढला. नाशिकला एक सेंटर बघून आला होता, जिथे अशा पेशंटना ठेवून घेतात. सोमवारी गाडी सांगितलेली.

“मामा, तुम्ही आलात ते बरं झालं. डॉक्टर स्पष्ट बोलले. आईला आता काही समजत नाही. ती कुणाला ओळखत नाही. नुसतं शरीर शे. वैशालीने किती करायचं?”

“आणि अक्काला विचारलं का?”

“मामा...” तो माझ्याकडे असा बघत होता की जणू मलाच झटका आलाय. “विचारू कसं? भिंतीला विचारल्यासारखं शे ते.”

वैशाली दारात उभी होती. ती म्हणाली, “मी तर म्हणते नका पाठवू. मी करते.” महेंद्रने ऐकलंच नाही. दुकानात बसून बसून या पोराची नजर अशी झालीय, की गोणी फुटली की बाजूला काढायची.

मी आत गेलो. अक्का पलंगावर, डोळे छताकडे. दीड वर्ष मी येत होतो, तेव्हा ती अशीच असायची. मी खुर्ची ओढून बसलो. महेंद्र माझ्यामागे उभा राहिला, घड्याळ बघत.

“अक्का,” मी म्हणालो, “मी तुला गोष्ट सांगतो. एक व्हती बकरी. तिनं नाव पोपटबाई.”

महेंद्रने मागून सुस्कारा टाकला. अक्काचे डोळे छतावरून खाली आले.

मी सगळी गोष्ट सांगितली, माझ्या मोडक्या अहिराणीत. कळप गेला, पोपटबाई काठावर राहिली, कासव आलं. मग मी मुद्दाम शेवट बदलला. म्हटलं, “मंग एक नावाडी उना, आणि बकरी नावमा बसीसन गयी.”

अक्काने डावा हात गादीवर आपटला. एकदा नाही, परत परत. घशातून आवाज काढला, मान हलवली, चेहरा लाल झाला. महेंद्र घाबरून पुढे आला, “मामा, त्रास देऊ नका तिला, फिट येईल!”

“थांब जरा,” मी म्हणालो. आणि अक्काला म्हटलं, “बरं, चुकलं. मंग ढग उना. ऊन गयं. बकरी सावलीले बोलनी, तू बस आठेच, मी जाई येस.”

अक्काचा हात थांबला. आणि ती हसली. अर्ध्याच तोंडाने, वाकडं, डाव्या गालाने. पण हसली. डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि ती हसतच राहिली. वैशाली येऊन तिच्या पायाशी बसली आणि रडायला लागली. मी मागे वळून महेंद्रकडे बघितलं. म्हटलं, “भिंत शे ना? भिंत हसनी बघ.”

 बाहेर जाऊन त्याने गाडीवाल्याला फोन केला आणि सोमवारची गाडी रद्द केली. तेवढं त्याच्या बाजूने लिहितो.

पण वैशालीने तरी एकटीने किती करायचं, म्हणून अक्का आता माझ्याकडे आहे, धरणगावला. वैशाली येऊन-जाऊन असते. इथल्या डॉक्टरबाईंनी हात दाबून ‘हो’ आणि ‘नाही’ सांगायची सवय लावून दिली. एकदा दाबलं की हो, दोनदा नाही. काही समजत नाही म्हणणाऱ्या त्या पहिल्या डॉक्टरांना मी भेटायला गेलो, तर म्हणाले, “असं होतं कधीकधी.” फी घेताना मात्र ते एवढे अनिश्चित नव्हते. वाचनालयातून ग्रंथपाल मॅडम आठवड्यातून एकदा येऊन अक्काला वाचून दाखवतात. अक्काला न आवडलेलं पुस्तक ती दोनदा हात दाबून बंद करायला लावते. बहुतेक पुस्तकं ती बंदच करायला लावते.

तर, स्पष्टीकरण. आमच्या नात्यातले एक नाना आहेत, ते म्हणतात आत्मा फिरायला गेला होता. त्यांना विचारलं, आत्म्याला माईक कसा सापडला? तर म्हणे श्रद्धा पाहिजे. माझा एक मित्र आहे, बुद्धिवादी, त्याच्या टी-शर्टवरसुद्धा तसंच लिहिलेलं असतं. तो म्हणतो अक्काने ही गोष्ट तिच्या गावात अनेकांना सांगितली असणार, त्यातलीच कुणी बाई इकडे आली असेल, आणि आवाजाचं म्हणशील तर ते तुझ्या मनाचे खेळ. त्याला विचारलं, मग ती बाई गेली कुठे? तर म्हणे शोध ना. मी शोधली. गल्लीगल्ली विचारलं. दोघांच्याही उत्तरात एक गोष्ट सारखी आहे – त्यांना उत्तर आधीच माहीत होतं, फक्त घटना नंतर घडली.

मला माहीत नाही. ‘मला माहीत नाही’ म्हणायची मला सवय नाही, म्हणून हे लिहायला इतके महिने लागले.

परवा शेवटी न राहवून मी अक्कालाच विचारलं. संध्याकाळी चहा पाजून झाल्यावर तिचा डावा हात हातात घेतला आणि म्हटलं, “अक्का, खरं सांग. त्या दिवशी वाचनालयात तू आली व्हती का?”

तिने हात एकदाही दाबला नाही. नुसतं माझ्याकडे बघितलं. मी लहानपणी उंबऱ्यावर बसून ‘आई शेतातून कधी येणार’ हे शंभरदा विचारायचो, तेव्हा ती ज्या नजरेने बघायची तसंच. एवढंसुद्धा कळू नये माणसाला! मग तिने माझ्या हातातून हात सोडवून घेतला आणि कपाकडे बोट केलं. चहा थोडा उरला होता.